ओल्या जाळीवरची माळ

आजवर कुणाला सांगितलेलं नाही, पण दिव्यांची माळ हातात घेतली की मी ती लगेच खाली ठेवतो. कंटाळ्यानं नव्हे, भीतीनं.

आज सकाळी समोरच्या गॅलरीत शेजारचा तरुण दिवाळीची माळ बांधत होता. लोखंडी जाळी दवानं ओली होती. अर्धे दिवे लागत नव्हते, म्हणून तो वैतागून वायर हलवत होता.

"अरे, आधी बटण बंद कर!" मी ओरडलो.

"काका, माळ आहे, साप नाही!" तो हसला.

एका दिवाळीत माझा दादाही असाच हसला होता. उंदरानं कुरतडलेली आमच्या माळेची वायर मी औषधाच्या डब्यातल्या कागदी पट्टीनं जोडली होती. काळी टेप आणायला कोपऱ्यावर जायचा कंटाळा केला होता. दादा स्टुलावर चढला, ओल्या जाळीला त्याचा हात लागला आणि विजेच्या झटक्यानं तो खाली आला. माणसं धावत येईपर्यंत मी माळ काढून लपवली होती. दादाला पडल्याचं काही आठवत नाही. त्याच्या उजव्या हाताची बोटं मात्र अजून नीट मिटत नाहीत.

"मेलं ते लंगडं स्टूल! भाऊजी, तुम्ही जवळ होतात म्हणून निभावलं," असं वहिनी दर दिवाळीला म्हणतात.

गल्ली उजळली की लोकांना दिवे दिसतात. मला त्यांतले जोड दिसतात. कुणी, कशानं गुंडाळले असतील?

समोरची माळ लागली. त्याचे हात जाळीवरून निघेपर्यंत मी गॅलरीतच उभा होतो.

स्टूल लंगडं नव्हतं. हे मला दादाला अजून सांगायचं आहे.