सहा आठवड्यांचं स्पॅनिश

माझा हा घोळ गावात सगळ्यांना पाठ आहे, फक्त तुम्हालाच सांगायचा राहिलाय. दुसऱ्या कुणाकडून ऐकाल त्यापेक्षा मीच सांगते, म्हणजे निदान माझी बाजू तरी कळेल. तशी माझी बाजू फारशी नाही.

राहात्याजवळ आमचं गाव. तिथे आमचा वीस डाळिंबवाल्यांचा गट. मी ॲग्रीची पदवी घेऊन परत आले, त्यामुळे गटाची सगळी लिखापढी माझ्या गळ्यात. आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट: मधला माणूस नको. शेतकरी आणि गिऱ्हाईक यांच्या मध्ये जो कुणी उभा असेल, त्याला बाजूला काढायचं. हे मी दिवसातून दोनदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचे.

तर स्पेनहून मार्ता नावाच्या एक बाई आमच्या बागा बघायला येणार होत्या. पसंत पडल्या तर आमचं डाळिंब थेट त्यांच्या कंपनीकडे जाणार. बाईंना इंग्रजी जेमतेम, म्हणून नाशिकच्या एजंटाने एक दुभाषी ठरवली होती. बैठकीत हे कळल्याबरोबर मी उठले.

"दुभाषी म्हणजे पुन्हा मधला माणूसच. सहा आठवडे आहेत. मी स्पॅनिश शिकते आणि मीच बोलते."

गटाचे अध्यक्ष निवृत्तीकाका म्हणाले, "सा आठवड्यात येतं व्हय?"

"मनात आणलं तर येतं, काका."

"मग आन मनात."

दुभाषी रद्द झाली.

नगरला सावेडीत राहणाऱ्या एका मॅडमचा ऑनलाइन क्लास लावला. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "उच्चार सुरुवातीला कच्चे राहिले की पुढे सुधारत नाहीत." बास, मी तेवढंच धरून बसले. पुस्तकात पहिला धडा ओळख करून देण्याचा होता. तो मला फार बाळबोध वाटला. शेवटी जीभ वळवणारी वाक्यं दिली होती. मी थेट तिथे उडी मारली.

स्पॅनिशमध्ये 'र' दोन आहेत. एक आपल्यासारखा, आणि दुसरा जीभ टाळूला लावून थरथरवायचा. त्याच्या सरावाचं एक वाक्य आहे: साखरेने भरलेल्या गाड्या रेल्वेकडे भरधाव निघाल्या. "कार्रोस कार्गादोस दे आसुकार" वगैरे. आता साखरेच्या गाड्यांवर वाक्य म्हटल्यावर मला ते आमच्या साखर कारखान्यांच्या तालुक्याचंच वाटलं. मी ते स्कूटरवर म्हटलं, ठिबकच्या नळ्या तपासताना म्हटलं, भाकरी थापताना म्हटलं.

आई म्हणाली, "आशू, बाहेर जाऊन म्हन. पिठात थुंकी उडती."

दुसरं वाक्य तीन उदास वाघांचं होतं, ते गव्हाच्या शेतात गहू खातात. वाघ गहू का खातात हे मी विचारलं नाही. सहा आठवड्यांत अशी अकरा वाक्यं झाली. मॅडम म्हणाल्या, "उच्चार उत्तम आहेत, आता जरा व्याकरण बघू." मी म्हटलं, "मॅडम, पाहुणे परवा येतायत."

मार्ताबाई आल्या. एजंटाने नुसती गाडी पाठवली होती, स्वतः आला नाही. त्याची गरज नाही असं मीच कळवलं होतं. निवृत्तीकाकांनी शाल-नारळ दिला. मी पुढे झाले, 'ओला', म्हणजे नमस्कार, म्हटलं आणि एका दमात साखरेच्या गाड्या रेल्वेपर्यंत पोचवल्या.

बाईंचा चेहरा असा खुलला की विचारू नका. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि बोलायला लागल्या. आणि तिथेच माझ्या लक्षात आलं की उच्चार चांगले असण्याचा एक मोठा तोटा आहे. समोरच्याला वाटतं, हिला भाषा येते. उच्चार वाईट असते तर त्या सावकाश बोलल्या असत्या.

दोन मिनिटं त्या थांबल्या नाहीत.

"काय म्हनल्या?" काकांनी विचारलं.

"गाव छान आहे म्हणाल्या."

"येवढं बोलल्या ते येवढंच?"

"स्पॅनिशमध्ये शब्द जास्त लागतात, काका."

वीसही जणांनी माना डोलावल्या. त्या माना बघून मला खरं बोलायचा धीर झाला नाही.

बागेत गेलो. बाईंनी एक फळ हातात घेतलं, पानांकडे बोट केलं, काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "सी, सी." म्हणजे हो, हो. त्यांनी वही उघडली. परत विचारलं. मी परत "सी, सी." या वेळी त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काय इचारलं?"

"रंग आवडला त्यांना."

"मग आठ्या कशापाई?"

आता बाईंनी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, आणि पेन धरून थांबल्या. या प्रश्नावर आमचं सगळं अडलंय, हे भाषा न येताही कळत होतं. वीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि तोंडात दुसरं काही नव्हतंच. मी त्यांना तीन उदास वाघ ऐकवले.

बाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या. मग त्यांनी वही मिटली.

काकांनी शांतपणे खिशातून मोबाईल काढला. "नातीनं टाकून दिलंय ह्यात. भाषा बदलतंय म्हनं." त्यांनी तो बाईंसमोर धरला. बाई बोलल्या, आणि फोन मराठीत बोलला: "तुम्ही शेवटची फवारणी तोडणीच्या किती दिवस आधी करता?"

म्हणजे यावर मी दोनदा हो म्हटलं होतं आणि एकदा वाघ सोडले होते.

काका फोनला म्हणाले, "आवो, तोडनीच्या आदी म्हैनाभर आमी औषिदाला हातबी लावत न्हाई."

फोन गप्प. काकांनी परत सांगितलं, जरा मोठ्याने. फोन म्हणाला, कृपया पुन्हा बोला. तिसऱ्यांदा तेच.

काकांनी फोन माझ्या हातात दिला. "ह्याला आपलं बोलनं कळंना. तुझ्या कालेजातल्या मराठीत सांग."

मी सांगितलं, "तोडणीच्या एक महिना आधी आम्ही फवारणी पूर्ण थांबवतो." फोनने ते खणखणीत स्पॅनिशमध्ये सांगितलं. बाईंनी वही उघडली.

पुढचे दोन तास मी तेच काम केलं. काकांचं मराठी ऐकायचं, ते फोनच्या मराठीत करायचं, बाकी फोन बघून घ्यायचा. दुभाषी तर मी झालेच, फक्त मराठीतून मराठीत. मधला माणूस हटवायला निघाले होते, आता काका आणि मोबाईलच्या मध्ये मीच उभी होते.

काम मात्र झालं. बाईंनी नमुन्याच्या पेट्या मागवल्या. निघताना त्या गाडीतून परत उतरल्या, काकांचा फोन मागून घेतला, माझ्याकडे बघून मनापासून काहीतरी बोलल्या आणि फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा वर धरला.

फोन म्हणाला, "तुमचे उच्चार अतिशय सुंदर आहेत. तुम्ही स्पॅनिश शिकायला हवं."

काका माझ्याकडे वळले. "आता ह्ये तरी कळलं का, का सोपं करून सांगू?"