खंडेनवमीला बंद केलेले आठ संगणक

माझी मुलगी मैत्री चाकणच्या एका कारखान्यात संगणकांची देखभाल करते. वय सव्वीस, डिप्लोमा झालेला, तीन वर्षं कंत्राटावर. तिचे वडील तीस वर्षं लेथवर उभे राहून निवृत्त झाले, त्यामुळे मुलगी खुर्चीत बसते म्हणजे सुखात आहे असं त्यांना वाटतं. त्या खुर्चीसाठी ती रोज पहाटे संत तुकाराम नगरच्या कोपऱ्यावर कंपनीच्या बसची वाट पाहते, हे ते सोयीने विसरतात.

कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनतात. प्रत्येक भागाचा फोटो निघतो आणि आठ संगणक त्यात तडा शोधतात. हे संगणक लिनक्सवर चालतात. फोटो भराभर तपासायला त्यांत ग्राफिक्स कार्ड असतं, आणि ते चालवायला कार्डवाल्या कंपनीचाच ड्रायव्हर लागतो. तो आतून कसा आहे हे ती कंपनी कुणाला दाखवत नाही. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, बदलला की ड्रायव्हरही त्याला जुळवून घ्यावा लागतो. मला, साध्या बी.कॉम. बाईला, हे एका जेवणात कळलं. अर्जुनरावांना तीन वर्षांत कळलं नाही.

अर्जुनराव तिचे मॅनेजर. मैत्रीला कायम करण्याचं पत्र त्या महिन्याच्या शेवटी त्यांच्याच सहीने निघायचं होतं.

मुख्य कचेरीने सगळ्या संगणकांवर नवा कर्नल आपोआप उतरवण्याची सोय करून ठेवली होती. पण संगणक बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय तो लागू होत नाही, आणि लाइन थांबेल म्हणून बंद कुणी करतच नव्हतं. चौदा महिने आठही संगणक चालूच होते. आधी एक बंद करून पाहू, असं मैत्रीने दोनदा लेखी कळवलं. अर्जुनरावांनी दोन्ही वेळा उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवलं.

यंदा खंडेनवमीला मात्र त्यांना संगणक आठवले. लेथ आणि प्रेसबरोबर त्यांनाही हळद-कुंकू आणि झेंडूची माळ. चालू यंत्राची पूजा करत नाहीत, म्हणून आठही बंद. मैत्री तेव्हा मंजूर रजेवर, आमच्याबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर होती.

दसऱ्यानंतर सकाळी आम्ही घरात पाऊल टाकतो तोच अर्जुनरावांचा फोन. मैत्रीने स्पीकर लावला.

“मैत्री, आठीच्या आठी स्क्रीन काळ्या हायेत. नारळाचं पाणी गेलं का काय आत?”

“नारळ कुठे फोडला, सर?”

“भायेर, पायरीवर. कॉम्पुटरवर फोडीन व्हय?”

“मग पाणी नाही. बंद केलेत म्हणून नवा कर्नल लागू झाला. ड्रायव्हर जुन्याचा आहे.”

“पूजेला समदे व्हते. तूच नव्हतीस,” ते म्हणाले. जणू ही नसल्यामुळे यंत्रं रुसली.

ऑपरेटर रुपालीला फोनवरून सांगून मैत्रीने एक संगणक जुन्या कर्नलवर चालू करवला. दहा मिनिटांत तो तडे शोधू लागला. शहाण्या माणसांनी उरलेले सातही तसेच चालू केले असते. पण मुख्य कचेरीने कळवलं, जुना कर्नल असुरक्षित आहे, परवानगी नाही. तपासणीचं सॉफ्टवेअर पुरवणारा सुजित म्हणाला, मॅडम, आमचा दोष नाही, कार्डवाल्यांना विचारा. कार्डवाल्यांनी तक्रारीचा नंबर दिला आणि दोन दिवस थांबायला सांगितलं. तोवर फाटकात ट्रक उभे, आणि रुपाली भिंग घेऊन तडे शोधतेय.

शेवटी मैत्रीने तिघांना एकाच कॉलवर बसवलं. “एक चालू आहे, सात बंद आहेत. ते बंदच ठेवा, असं तुमच्यापैकी कोण लेखी देतंय? मी वाट पाहते.”

कुणीच देईना. मग मुख्य कचेरीला अचानक जुन्या कर्नलसाठी आठवडाभराची सूट देता आली, सुजितला शनिवारपर्यंत नवा ड्रायव्हर एका संगणकावर तपासून देण्याचं कबूल करणं जमलं, आणि कार्डवाल्यांना त्यांच्याच संकेतस्थळावरची योग्य फाइल सापडली. त्याच दुपारी एक वाजता आठही जुन्या कर्नलवर चालू झाले. आपोआप येणारे कर्नल तिने रोखून ठेवले.

संध्याकाळी पुन्हा अर्जुनरावांचा फोन. मैत्रीने लिहिलेल्या बिघाडाच्या अहवालाबद्दल.

“त्यात पूजेचं कशापायी लिहिलंस? मुख्य कचेरीत हसतील. कर्मचारी रजेवर असल्यानं अपडेटकडं दुर्लक्ष झालं, असं लिही. तुझ्या कायमचं मी बघतो.”

मैत्रीने माझ्याकडे पाहिलं. आणि मी, इतका वेळ त्या सगळ्यांना मनात नावं ठेवणारी, हळूच म्हणाले, “लिही ना, एक ओळ तर आहे.”

“दुर्लक्ष मी केलं नाही, सर,” ती फोनमध्ये म्हणाली. पण ते मला होतं.

अहवाल होता तसाच गेला. महिनाअखेरीस लवकर दुरुस्ती केल्याबद्दल अर्जुनरावांना प्रशस्तिपत्र मिळालं. त्यांनी ते चौकटीत बसवून घेतलं म्हणे. मैत्रीला मिळाली कंत्राटाला सहा महिन्यांची मुदतवाढ. पत्र माझ्या हातात देऊन ती बुटांच्या नाड्या बांधत होती.

“त्यात माझी चूक लिहिली आहे का, बघ.”

मी दोनदा वाचलं. “नाही.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली आणि बससाठी निघाली. मला ते अजूनही ठीक वाटत नाही. पण पुढच्या पत्राच्या वेळी कुणी पुन्हा असं काही लिही म्हणालं, तर मला विचारू नकोस, असं मी तिला सांगून ठेवलंय.