पुठ्ठ्यावरचे शब्द

माझ्या लेकीची पहिली संपली, त्या उन्हाळ्यात मी तिला घरीच शिकवायचं ठरवलं. तिला डाउन सिंड्रोम आहे. ती जन्मली तेव्हा अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिचं सगळं होईल, पण सावकाश होईल. तसंच झालं. चालायला वेळ लागला, बोलायला त्याहून जास्त.

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या बाहेर, वाशीम रस्त्याला लागून आमचा भाजीपाल्याचा मळा आहे आणि मळ्यातच घर. तिथून शाळा जवळ. वर्षभर ती रोज हौसेनं गेली. बाई मायाळू होत्या, पण वर्गात पोरं खूप, एका पोरीसाठी त्यांनी थांबावं तरी किती. त्या तिला खडू द्यायच्या, ती मागं बसून फरशीवर रेघा ओढायची आणि हात, फ्रॉक, नाक सगळं पांढरं करून घरी यायची. वर्ष संपलं तेव्हा तिला एकही अक्षर येत नव्हतं. मी भेटायला गेले तर बाईच म्हणाल्या, नाव शाळेत राहू द्या, पण तुम्ही तिला घरी जवळ घेऊन बसून बघा. मी बारावी झालेली, पुढचं शिक्षण राहून गेलेलं. पहिलीचं तर शिकवता येईल, असं मला वाटलं.

ते वाटतं तेवढं सोपं नव्हतं. अननस आमच्या लेकीनं कधी पाहिलेलाच नाही, म्हणून 'अ' तिच्या डोक्यात बसेना. सकाळी 'क' ओळखला तरी दुपारी ती त्याच 'क'कडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघायची. मी जास्त मागं लागले की पाटीवर गाल टेकवून डोळे मिटून घ्यायची.

सासरे बाहेर खाटेवर बसून हे बघत असायचे. लेकीचा सगळ्यात जास्त जीव तिच्या या आबांवर, सकाळचा चहा ती त्यांच्याच बशीतून प्यायची. त्यांना हे शिकवणं पसंत नव्हतं.

"कायले तिले तरास देऊन राह्यली?" एकदा ते म्हणाले. "खाते, पिते, हासते. आपण हावो ना तिले."

मी म्हणाले, रडली की बंद करते. पण ती रडत नव्हती, फक्त झोपून जायची, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

मग भेंडी लावायची वेळ आली. बियाण्याची पाकिटं आम्ही पत्र्याच्या पेटीत ठेवतो. ती पेटी उघडून बाबांना पाकीट नेऊन देणं हे लेकीचं काम. पाकिटावर चित्र असतं, त्यामुळं ती बरोबर पाकीट नेते याचं कोणाला नवल नव्हतं. त्या दिवशी तिच्या बाबांनी वाफ्यातून हाक मारली, गवार आण. मी पेटीजवळच होते. गवारीच्या पाकिटाचं चित्र उंदरानं कुरतडून नेलं होतं, उरलं होतं ते फक्त नाव. ही आता काहीही उचलणार, असं मला वाटलं. तिनं तेच पाकीट उचललं आणि चालू लागली.

मी तिला परत बोलावलं. सगळ्या पाकिटांची चित्रं मागं दुमडली, नावं तेवढी वर ठेवली आणि म्हणाले, भेंडी दे. तिनं भेंडी दिली. पालक दे म्हटलं, पालक दिला. मी पाकिटं पुन्हा कालवून पुन्हा विचारलं, तरी तेच. मी तिच्या बाबांना हाक मारली. ते चिखलाचे हात घेऊन तसेच आले आणि बघत उभे राहिले.

"हे वाचून राह्यली का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, याला काय म्हणायचं ते मला माहीत नाही, अक्षर तर एक येत नाही तिला.

"मंग अक्षरं राहू दे ना बाजूले. पुरा शब्दच शिकव तिले."

त्याच दुपारी मी दुकानातून जुनी खोकी आणली, पुठ्ठे कापले आणि काळ्या पेननं मोठे मोठे शब्द लिहिले. आई, बाबा, आबा, म्हैस, चहा, घर, ये, दे. 'नको' तिनं स्वतः मागून घेतला आणि तो तिचा सगळ्यात लाडका झाला. एकसारखे दोन पुठ्ठे करायचे, आधी तिनं जोडीला जोडी लावायची, मग मी म्हणेन तो उचलून द्यायचा, आणि शेवटी मी दाखवेन तो तिनं म्हणायचा. हे तिला आवडलं. तिला झोप यायच्या आत मी पुठ्ठे उचलून ठेवायची. दुसऱ्या दिवशी तीच ते घेऊन माझ्या मागं फिरायची.

एक गोष्ट मला आधी कळली नव्हती. तिचं बोलणं अर्धं असायचं. भेंडीला ती 'भेई' म्हणायची आणि आम्हीही तेच म्हणू लागलो होतो. पुठ्ठ्यावर बोट ठेवून वाचताना ती 'डी'पाशी थांबली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "भें-डी." कानाला जे सापडत नव्हतं ते तिच्या डोळ्यांनी धरून ठेवलं होतं. अक्षरंही मग अशीच मागच्या दारानं आली. मका आणि मुळा शेजारी ठेवले होते, तर तिनं दोन्हीकडच्या 'म'वर बोटं ठेवली आणि म्हणाली, "सेम."

गणिताला मात्र वेगळी तऱ्हा काढावी लागली. आकडे ती गाण्यासारखे म्हणायची, सातला हटकून गाळायची आणि एकच वांगं तीनदा मोजायची. म्हणून मी आकडे सोडून ताटांवर आले. संध्याकाळी ताटं मांडणं तिच्याकडं दिलं. आईचं, बाबांचं, आबांचं, माझं, असं एकेका माणसाचं नाव घेत एकेक ताट ठेवायचं आणि मग मोजायचं. काही दिवसांनी ती नावं न घेता मोजू लागली.

एका संध्याकाळी तिनं पाच ताटं मांडली. मी म्हणाले, एक जास्त झालं, ठेवून ये. ती हलली नाही. मी पुन्हा म्हणाले, तर तिनं माझा हात धरला आणि मला दारापर्यंत नेलं. बाहेर नळावर माझी नणंद पाय धूत होती. ती रिसोडहून न सांगता आली होती, आणि मला भाकरीच्या नादात पत्ताच नव्हता. मोजण्यात मीच चुकले होते.

नणंद आली होती ती सासऱ्यांना न्यायला. त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन रिसोडला करायचं आणि डॉक्टर म्हणतील तोवर तिच्याच घरी राहायचं, असं ठरलं. सकाळच्या बसनं ते गेले.

लेकीला ते जाणं कळलं नाही. ती बशी घेऊन खाटेपाशी जायची आणि परत यायची. आबा कुठं, असं तिनं हातानं विचारलं, मी रिसोड म्हणाले. तिनं पुठ्ठ्यांच्या डब्याकडं बोट केलं. मी 'रिसोड' लिहून दिला, तो तिनं थोडा वेळ हातात धरला आणि डब्यात टाकला.

पुढं एका दुपारी मी गवार तोडून घराकडं आले तर रिकाम्या खाटेवर पुठ्ठे मांडलेले होते. आबा. घर. ये. त्याच्या खाली, रिसोड. नको.

तोवर तिनं मी सांगितलेलेच शब्द मांडले होते. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि एवढं लांब वाक्य तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. गवारीची पाटी डोक्यावर तशीच, आणि मी उभी. मग पाटी उतरवली, मोबाइलवर फोटो काढला आणि नणंदेला पाठवला.

संध्याकाळी तिचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं होतं. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यानं त्यांना नीट दिसत नाही, म्हणून तिनं फोटोतलं वाचून दाखवलं होतं. मग तिनं फोन त्यांच्याकडं दिला.

"हे तुनं मांडलं का तिनं?" सासऱ्यांनी विचारलं.

"तिनं मांडलं, मामाजी. मी तं वावरात होती."

फोनवरच त्यांनी नणंदेला ते शब्द पुन्हा एकदा वाचायला लावले.

"तिले सांग, डॉक्टरनं सोडलं का येतो म्हणा," ते म्हणाले. आणि मग, "सांगू नोको. लिहून दे तिले."

मी 'येतो' असा नवा पुठ्ठा केला. तिनं तो 'आबा'च्या शेजारी लावला, बोट फिरवून वाचला आणि दोन्ही पुठ्ठे खाटेवरच्या उशीखाली सरकवून खेळायला गेली.

काळा चष्मा लावून सासरे परत आले. तिला पोटाशी धरलं, बशीतला चहा दोघांनी मिळून संपवला. दुसऱ्या दिवशी मी पुठ्ठे काढले तेव्हा ते खाट सोडून खाली सतरंजीवर येऊन बसले. थोडा वेळ बघून त्यांनी तक्रार केली, की यात माझ्या काठीचं नाव काहून नाही. मी 'काठी' लिहिला. ते काठी लपवायचे आणि पुठ्ठा दाखवून मागायचे, त्यामुळं तो शब्द तिला एका बैठकीत आला.

आता ती दोन-तीन शब्दांची वाक्यं वाचते. जोडाक्षरांशी आमची झटापट चालू आहे, आणि सात अजूनही कधी कधी गळतो. एवढ्यात वजाबाकी काढली आहे. काल सासऱ्यांनी तिच्यापुढं पाच शेंगदाणे ठेवले आणि विचारलं, यातले दोन खाल्ले तर किती उरतील. तिनं दोन खाल्ले, विचार केला, मग उरलेले तीनही खाल्ले आणि रिकामा तळहात त्यांना दाखवला.

"बरोबर हाय तिचं," सासरे म्हणाले. मी आणखी दाणे आणायला उठले.