मुकादम मॅडम आणि झाकलेलं मशीन

ऑफिसात पाहुणे येणार असले की मुकादम मॅडम जुन्या मशीनच्या हिरव्या स्क्रीनवर कापडी कव्हर टाकायच्या. तुर्भ्याच्या आमच्या रंगांच्या कारखान्यात त्या कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखालचा प्रोग्रामर. बिलं, स्टॉक, पगार, सगळं एएस-४०० नावाच्या जुन्या मशीनवर चाले, आणि मॅडमना त्याची मनापासून लाज वाटे. "पाहुण्यांना दिवाणखाना दाखवायचा, मोरी नाही," त्या म्हणायच्या.

दिवाणखाना म्हणजे नवा पीसी आणि त्यातला नवा डेटाबेस. जुनं मशीन कागदांचे गठ्ठे छापायचं आणि दिघ्याहून येणारी सुनंदा तेच आकडे दिवसभर पीसीत टाइप करायची. तिची मान धरायची. मॅडम उरणहून येताना तिच्यासाठी बाम आणत. काम मात्र थांबवत नसत. माणूस प्रेमळ, पण डोक्यात एकदा बसलं की बसलं.

एकदा मशीनच्या देखभालीला नवा इंजिनिअर आला. ही काय टाइप करते, असं त्याने सुनंदाकडे बघून विचारलं. मग जुन्या मशीनवरच एक ओळीचा प्रश्न लिहिला: कुठल्या डीलरला कुठला रंग किती गेला? जे उत्तर पीसीतून काढायला सुनंदाचं टायपिंग लागायचं, ते लगेच आलं.

"मॅडम, डेटाबेस यातच आहे," तो म्हणाला. "पहिल्यापासून. तुमच्या फायली म्हणजेच डेटाबेसची टेबलं."

तो गेल्यावर मी हळूच म्हटलं, "सुनंदाला आत्ता नको सांगायला. टायपिंग हळूहळू बंद करू."

"म्हणजे माझी अब्रू झाकायला तिला अजून टाइप करत बसवू?" मॅडम म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते.

त्या सुनंदाशेजारी स्टूल ओढून बसल्या आणि सगळं सांगितलं.

"म्हंजी मॅडम, इतकी वर्सं मी ह्ये समदं उगंच केलं?"

"हो. उगाच. आणि मी करायला लावलं."

"मंग आता माजं काम?"

"मशीनला प्रश्न कसे विचारायचे ते मी शिकवते. साहेबांशी मी बोलीन. चूक माझी आहे, तेही सांगीन."

सुनंदाने मान डोलावली आणि अर्धवट राहिलेला कागद पुढे ओढला. "एवढं पान पुरं करते. अर्धं ठिवलं तर जिवाला चैन पडायचं न्हाई."

मला वाटलं, मॅडम तिला थांबवतील. त्यांनी तो कागद हातात घेतला आणि एकेक आकडा तिला वाचून दाखवू लागल्या. कुणालाही नको असलेलं ते पान दोघींनी मिळून शेवटच्या ओळीपर्यंत भरलं, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.