निस्तं बघत्यात

अंजना रागीट बाई आहे असं सगळं गाव म्हणतं, आणि ते काही खोटं नाही. तासगावजवळच्या एका शेडमध्ये ती वर्षानुवर्षं बेदाणा निवडते. समोर ढीग ओतला की काडी, काळा दाणा, फुटका दाणा तिच्या नजरेतून सुटत नाही. नवरा कृष्णात फौजेत. तो सुट्टीवर येईल तेव्हा येईल. मागं घराचा कारभारी म्हणून धाकटा दीर तानाजी. कारभार म्हणजे काय, तर सकाळी केसाला कलप, कपाळाला टिळा लावायचा आणि एसटी थांब्यासमोरच्या कट्ट्यावर बसून गावाची काळजी करायची.

त्या कट्ट्यावर रोज दहाबारा बाप्ये बसलेले असतात. अंजनाची मुलगी क्रांती तिथूनच सांगलीला कॉलेजला जाते. ती थांब्यावर आली की कट्ट्यावरच्या गप्पा थांबतात. शिट्टी नाही, शब्द नाही, अंगाला हात नाही. नुसतं डोक्यापासून पायापर्यंत बघायचं, आणि पायापासून परत वर. पोरगी पायरी चढून आत बसेपर्यंत ते डोळे काही हटत नाहीत. तक्रार करायची तरी कशाची? शेवटी क्रांती पाण्याच्या टाकीमागं उभी राहायला लागली. गाडी आली की धावत सुटायची, आणि कधी कधी गाडी चुकायची.

अंजनानं दिराला सांगून पाहिलं. "भावजी, त्या माणसांस्नी जरा सांगा की."

तानाजी हसला. "निस्तं बघत्यात वैनी, खात्यात व्हय?"

पंधरा दिवस गेले नाहीत तोवर हाच तानाजी जेवताना म्हणाला, "क्रांतीचं कॉलेज बंद करायचं. समदी बघत्यात तिच्याकडं. लोकांनी नावं ठेवायच्या आत पोरगी घरात बसल्याली बरी. दादाशी फोनवर बोललोय मी."

अंजनाची भाकरी तव्यावरच करपली. काय माणूस म्हणावं हा! बघणारे बघतात तेव्हा ते काहीच नाही, आणि पोरीनं शिकायचं म्हटलं की त्याच बघण्याचा डोंगर होतो. आणि बघणाऱ्यांत हा स्वतः मांडी ठोकून बसलेला! पुतणीकडं नसेल बघत, पण दुसऱ्यांच्या पोरींकडं? तिनं नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "तानाजी गावात हाय, त्याला ठावं." तिनं फोन आपटला.

क्रांती कोपऱ्यात बसली होती. कॉलेजात प्रत्येकाला एकेका इंग्रजी शब्दाची कुळकथा सांगायची होती आणि तिच्या वाट्याला 'ग्लान्स' आला होता. "आता काय उपेग," म्हणत तिनं वही मिटली.

"मला सांग," अंजना म्हणाली. "काय हाय त्यो शब्द?"

"ग्लान्स म्हंजे झटकन नजर टाकणं. पण आधी त्याचा बघण्याशी संबंधच न्हवता, आई. तलवारीचा वार नीट बसला न्हाई, अंगावरनं घसरून गेला, तर त्याला तसं म्हणायचे. फ्रेंच लोकांचा बर्फाचा शब्द हाय, त्यातनं घसरण्याचा शब्द आला आणि त्यातनं ह्यो आला असावा म्हणत्यात. नजरेला त्यो लय नंतर लावला."

"घसरल्याल्या वारानं काय हुतं?"

"खरचटतं. जीव जात न्हाई."

"आणि रोज खरचटलं तर?"

क्रांतीचे डोळे भरून आले.

"म्हंजे गोऱ्यांस्नी कळलं हुतं," अंजना दात खाऊन म्हणाली, "आणि आमच्या कारभाऱ्याला अजून कळंना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडच्या टेम्पोची वाट बघणाऱ्या बायका रोजच्यासारख्या थांब्यामागं दबकून उभ्या राहिल्या नाहीत. अंजनानं सगळ्यांना कट्ट्यासमोरच्या ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसवलं. म्हातारी तानुबाई सगळ्यांत पुढं. "एक शबुद बोलायचा न्हाई," अंजनानं बजावलं. "ढीग निवडतोय तसं निस्तं बघायचं."

आणि त्या बघायला लागल्या. कलपापासून चपलेपर्यंत, चपलेपासून परत वर. एकानं शर्टाची गुंडी लावली. एकानं सुटलेलं पोट आत ओढलं. एकाचा चहा हातात तसाच निवला. दोघं काम आठवल्यासारखं करून उठले, तर तानुबाईची मान त्यांच्या पाठोपाठ पार वळणापर्यंत फिरली. अंजना फक्त तानाजीकडं बघत होती. त्यानं मान वळवली, मोबाईल काढला, परत खिशात ठेवला. शेवटी घाम पुसत रस्ता ओलांडून आला.

"वैनी, काय चालवलंय ह्ये? उठा बघू!"

"का वं? काय झालं?"

"असं बघाय लागलाय सगळ्याजणी... माणसाला बसवंना झालंय तितं."

"निस्तं बघतोय, भावजी. खातोय व्हय?"

तानाजीचा चेहरा खर्रकन उतरला. तेवढ्यात सांगलीची गाडी आली. आईनं कॉलेजला धाडलेली क्रांती टाकीमागून निघाली आणि रस्त्याच्या मधून, घाई न करता, चालत जाऊन गाडीत चढली. कट्ट्यावरची एकही मान वर झाली नाही.

"लाज वाटती वो," तानाजी हळूच म्हणाला. "रोजच बसणार काय तुमी?"

"रोज." अंजना पदर खोचत उठली. "आणि लाज वाटत आसंल तर त्यावर उपाय तुमीच सांगितलाय. ज्याच्याकडं बघत्यात त्यानं घरात बसायचं. उद्यापासनं तुमी बसा."