पूजेत ठेवलेली चावी

ज्या वस्तूला चाक आहे आणि जिची तपासणी झालेली नाही, ती वस्तू माझ्या मामेसासऱ्यांच्या लेखी जवळजवळ गुन्हेगारच असते. मोटार वाहन निरीक्षक म्हणून त्यांनी हयात घालवली आणि निवृत्तीनंतर गणवेश तेवढा उतरवला. आमच्या लग्नातली वरातीची मोटार त्यांनी मांडवाच्या दारातच अडवली होती, कारण तिचा मागचा उजवा दिवा लागत नव्हता. तो लागेपर्यंत मी मुंडावळ्या सावरत आत बसून राहिलो आणि वाजंत्री बाहेर वाजत राहिली. एकदा मामींनी त्यांना बेल्ह्याच्या बाजाराला गाय आणायला पाठवले. संध्याकाळी ते रिकाम्या हातांनी, पण अतिशय समाधानाने परतले. "गाय काय, पुढल्या बाजारी बी मिळंल," ते म्हणाले, "पण बारा टेंपोंचं ब्रेक बघितलं. नऊ नापास!" मामींनी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि मला म्हणाल्या, "जावईबापू, मला बघायला आले तवा ह्यांनी आधी आमच्या बैलगाडीचा आस वाकून बघितला व्हता. माझं नाव मागनं इचारलं."

पुढे तालुक्यातल्या रुग्णवाहिका तपासण्यासाठी एक समिती नेमली गेली आणि तिच्यावर मामांची वर्णी लागली. समितीच्या दाखल्याशिवाय कोणत्याही खासगी वा सार्वजनिक मंडळाच्या गाडीने रुग्ण न्यायचा नाही, असा नियम झाला. इतर सदस्य कागद पाहून सही करीत. मामा मात्र स्ट्रेचरवर स्वतः आडवे होत, पट्टे बांधून घेत, तोंडावर प्राणवायूचा मास्क चढवीत आणि हात वर करून निघण्याची खूण करीत. मग मंचरच्या कांद्याच्या ट्रकांमधून वाट काढत पारगावच्या साखर कारखान्यापर्यंत आणि तेथून परत अशी त्यांची फेरी होई. एकदा त्यांना असे जाताना कोणा नातेवाइकाने पाहिले. मामा घरी पोहोचले तेव्हा अंगणात माणसे जमली होती आणि रडणे सुरू व्हायच्या बेतात होते. रुग्णवाहिकांच्या तळावरचे चालक त्यांना "पेशंट" म्हणत. "आला रं पेशंट! चादर बदला!" अशी आरोळी त्यांच्या देखत उठे. मामा चिडत नसत. "बदलली ना चादर? मग हसा किती हसायचं त्ये," एवढेच म्हणत.

मंचरमधल्या ज्या मंडळाचा मी चिटणीस होतो, त्याचीही एक रुग्णवाहिका होती. आजूबाजूच्या गावांना तीच जवळची. चारचौघांत बोलणे मला कधी जमले नाही. मराठीचा शिक्षक असूनही सभेत मी फक्त इतिवृत्त लिहीत असे, आणि बहुधा म्हणूनच चिटणीस झालो. आमच्या गाडीत मामांना एकच दोष सापडला. प्राणवायूच्या सिलिंडरची झडप उघडण्याची लहानशी लोखंडी चावी चालकाच्या खिशात असे. मामांनी स्वतः साखळी आणली आणि चावी सिलिंडरच्या मानेला अडकवली. "सिलिंडर भरलेला आसून उपेग काय, जावईबापू? चावी बोटभर आसती, आन् तीच ऐन येळंला घावत न्हाई," ते मला म्हणाले. मग त्यांनी दाखल्यावर सही केली. नवरात्राला तेव्हा आठ दिवस होते.

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा मांडतात. नांगराच्या फाळापासून पान्यापर्यंत ज्या लोखंडावर पोट चालते, ते धुऊन पाटावर ठेवायचे, हळदकुंकू वाहायचे, आणि दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मंडळाच्या कचेरीत पाट मांडला गेला. पाने, पकडी, जॅक अशी सारी हत्यारे रांगेने लागली. चालकाने मला विचारले, "सर, चावी बी ठिऊ का? गाडीचा खरा जीव तर तिच्यातच हाये." मला साखळी आठवली. परंतु पदाधिकारी ताट घेऊन उभे होते, निरांजन पेटले होते, आणि सर्वांसमक्ष 'नको' म्हणण्याइतका माझा आवाज कधीच मोठा नव्हता. मी मान हलवली. चालकाने साखळीची कडी उघडली.

दसऱ्याच्या सकाळी पारगावला, मामांच्या घरी, मामींचा जुना दमा उसळला. मामांनी दुसऱ्या कोणाला नव्हे, आमच्याच गाडीला बोलावले. ती त्यांनी स्वतः तपासलेली होती. गाडी वेळेत पोहोचली. चादर स्वच्छ होती, पट्टे घट्ट होते, सिलिंडरचा काटा भरलेला दाखवीत होता. मग चालकाचा मला फोन आला. "सर, चावी पूजंत ऱ्हायली! आमी निघालोय, तुमी सामनं या, लवकर या!"

मी पाटावरून चावी उचलली आणि मोटारसायकल काढली. रस्त्यात झेंडूचे टेंपो आडवे लागले होते. त्या दिवशी मी आयुष्यात प्रथमच लोकांवर ओरडलो. पारगावच्या वाटेवर एका उसाच्या शेताच्या कडेला गाडी उभी दिसली. चालक खाली उतरून चाकाला टेकून बसला होता. आत मामांनी एका हाताने मामींच्या तोंडावर मास्क धरला होता. त्यांनी दुसरा हात माझ्यापुढे केला, मी दिलेली चावी लावून झडप उघडली आणि नळीशी कान नेला. "चालू हाये," ते म्हणाले. मग मास्क काढून त्यांनी मामींच्या गालावर उमटलेला त्याचा वळ अंगठ्याने हळूच चोळला, तो जाईना.

डॉक्टर म्हणाले, वाटेत प्राणवायू मिळाला असता तरी त्या वाचल्या असत्या की नाही, हे सांगता येत नाही. मी त्या वाक्याला फार दिवस धरून होतो. इकडे मंडळात चालकाला काढण्याची भाषा सुरू झाली आणि मी तिचेही इतिवृत्त लिहिले.

तेरावा झाल्यावर मामांनी मला बोलावून घेतले. समोर तपासणीची वही होती. "चालक म्हणतो, त्यानं आपल्या मनानं चावी काढली," ते म्हणाले. "त्याला दोन पोरी हायेत. तो खोटं कशापायी बोलंल, कळत न्हाई. तुमाला काय ठावं हाये का?"

 मी म्हणालो, "मामा, त्याने मला विचारले होते. मी मान हलवली."

त्यांनी पेनाचे टोपण काढले. 'कोणाच्या परवानगीने' या रकान्यात माझे संपूर्ण नाव आणि खाली पद लिहिले. त्याखाली, पूर्वी दाखला देणारा निरीक्षक म्हणून स्वतःचे नाव घातले आणि वही माझ्याकडे सरकवली. मी सही केली. क्षमा मागण्यासाठी तोंड उघडले, तर त्यांनी हातानेच थांबवले. "त्याला ह्यात रकाना न्हाई. आता जेवून जा. तिनं तुमाला कधी उपाशी धाडलं नव्हतं."

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी पिठले केले. भाकऱ्या शेजारून आल्या. पहिला घास घेताच त्यांनी विचारले, "मीठ बराबर हाये का?"

"होय," मी म्हणालो.

"लई झालंय, जावईबापू," ते ताटाकडे पाहत म्हणाले. "चाखून तीच बघायची." आणि माझ्या ताटात त्यांनी आणखी थोडे पिठले वाढले.