टेकडीवरच्या गावातला फोटो

शकू, अशी जवळ ये, बस. तोंड फिरवू नकोस. धाकटी म्हणून तुझे लाड केले ते यासाठी का गं, की महिना झाला तरी सख्ख्या बहिणीचा फोन उचलायचा नाही? म्हणून लिहायला बसले. माझं अक्षर तुला लागतं, निदान वाच तरी.

कराडहून निघाले त्या सकाळी तू होतीसच. टॅक्सीच्या काचेवर हात ठेवून दादा म्हणाला होता, "तिकडं मन रमव. इकडचं बरंवाईट तुझ्यापासून लपवणार नाही." मला वाटलं, सहा महिन्यांचा प्रश्न. चार वर्षं झाली. निनादच्या शिफ्टा, सूनबाईचं ऑफिस, ओवीची शाळा, एवढ्यातच माझं परदेशातलं हे मॉसन लेक्स संपतं. दुपारला 'आर्व्हो' म्हणायला शिकले, बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणायला शिकले. तिकडं दारात उभं राहिलं तरी चार बायका विचारायच्या, कुठं निघालात. इथं शेजारीण हात हलवते आणि गॅरेजचं दार खाली येतं.

त्या रविवारी सकाळी निनाद म्हणाला, आई, तयार हो, टेकडीवरच्या गावात फिरायला जायचंय. तुझा फोन अपडेटला लावलाय, राहू दे घरीच. मी काय हरखले म्हणून सांगू. ठेवणीतली साडी नेसले. गाडीत सगळे माझ्याशी गोड. वर गेल्यावर सूनबाईनं, कधी नव्हे ते, चढावर माझा हात धरला. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, यांना घरात एक म्हातारी आहे हे दिसलं.

गाव टुमदार होतं. दगडी घरं, जॅमची दुकानं, खाली उतरत गेलेले द्राक्षाचे मळे. निनादनं आइस्क्रीम घेऊन दिलं. ओवीनं "आजी, स्माइल" म्हणत बापाच्या फोनवर फोटो काढला, आणि मी हसले गं, चांगली दात दाखवून. पोरीनं तो नेहमीसारखा तुझ्या-माझ्या माहेरच्या ग्रुपवर टाकला, 'आजी लव्हिंग इट' असं इंग्रजीत लिहून. वरचे मेसेज तिला वाचता येत नाहीत. मराठी तिला कुणी शिकवलीच नाही, मीसुद्धा. दादाला वाहिलेल्या श्रद्धांजलीच्या खाली माझे दात.

संध्याकाळी घरी आल्यावर निनादनं मला सोफ्यावर बसवून सांगितलं. मामा रात्रीच गेला, त्याला सकाळी उठल्या उठल्या कळलं होतं. सूनबाईलाही ठाऊक होतं. म्हणाला, "आई, तू निघाली असतीस तरी पोचली नसतीस. म्हटलं, एक दिवस तरी सुखात जाऊ दे तुझा."

त्याचं खोटं नाही. माझ्या व्हिसाचे कागद अडकलेत, देशाबाहेर पडले तर पुन्हा आत घेत नाहीत. आणि आपल्यातही बातमी सांगायच्या आधी माणसाला जेवू घालतात. बाबा गेले तेव्हा तू कॉलेजातून आलीस, तर मीच तुला आमटी-भात वाढला, मग सांगितलं. पण मी दोन घास भरवले. यांनी मला अख्खा दिवस भरवला. तुम्ही दादाला उचलत होतात तेव्हा मी कोन चाटत होते. निनादशी मी बोलते, जेवायला वाढते, पण त्याच्या तोंडाकडं बघवत नाही.

रात्री फोन हातात आला तेव्हा तुझे सगळे मिस्ड कॉल दिसले, आणि खाली एकच ओळ. "छान मजा चाललीय, चालू दे." तू दादाच्या उशाशी बसलेली, तुझ्या हातात तो फोटो आला. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच लिहिलं असतं. खरं काय झालं ते आता तुला कळलं, पटत नसेल तर नको पटू दे.

पण तोडू नकोस. आईबाबा नाहीत, दादा नाही, वहिनी घराला कुलूप लावून लेकीकडं पुण्याला निघाल्यात. आता माहेर म्हणजे तू एकटी. तुझ्या तिकिटाचं आणि व्हिसाचं निनाद बघेल, त्याच्याकडं मी एवढंच मागितलंय. काय बोलायचं ते समोर बसून बोल, मी ऐकून घेईन. महिना झाला शकू, मला अजून दादासाठी धड रडता आलेलं नाही. या घरात त्याला माझ्यासारखं ओळखणारं कुणी नाही. लवकर ये.